स्टँड-अप जेट स्कीचा पंप: नवा इम्पेलर घेण्याआधी करायची कामं

जेट स्की जोर धरत नाही अशी तक्रार केली की पहिला सल्ला मिळतो नवा इम्पेलर (पाणी ढकलणारं पात्यांचं चाक) टाकायचा आणि दुसरा मोठा पंप बसवायचा. सल्ला देणाऱ्याच्या खिशातून काही जात नसतं. वापरलेल्या, जुन्या स्टँड-अपमध्ये (उभं राहून चालवायच्या जेट स्कीमध्ये) जोर गळतो तो बहुतेक वेळा तीन ठिकाणी: पंप आणि हल (स्कीचं बाहेरचं कवच) यांच्यातली फट, झिजलेली वेअर रिंग (इम्पेलरभोवतीचं कडं) आणि मार बसलेली पाती. ही तिन्ही ठीक होईपर्यंत महागडा इम्पेलरही तितकाच घसरतो. म्हणून कामाचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी असलेला पंप पुरेपूर काम करेल असं बघायचं आणि मग पार्ट बदलायचे.

उदाहरण म्हणून यामाहाची टू-स्ट्रोक सुपरजेट धरतो. १९९० ते २०२० अशी तीस वर्षं ती बाजारात होती, १९९४ पासून ७०१ सीसीचं इंजिन होतं आणि पंप १४४ मिमीचा. २०२१ ला आलेली सुपरजेट फोर-स्ट्रोक आहे. कावासाकीची ८०० एसएक्स-आर असेल तर मापं, आटे आणि बोल्टचे टॉर्क वेगळे, पण पद्धत हीच.

पंपात काय चालतं

खालच्या जाळीतून पाणी आत येतं, हलमधल्या बोगद्यातून वर चढतं आणि इम्पेलर ते मागे ढकलतो. ढकलताना पाण्याला पीळही बसतो. तो पीळ पुढे काहीच कामाचा नसतो, म्हणून इम्पेलरच्या मागे स्टेटरची स्थिर पाती असतात. ती पाणी सरळ करतात आणि पिळात गेलेली ताकद दाबाच्या रूपात परत मिळवतात. शेवटी नोझल निमुळतं होतं, तिथे दाबाचा वेग होतो आणि मागे फेकलेल्या पाण्यामुळे स्की पुढे जाते.

जोर ठरतो तो दर सेकंदाला किती किलो पाणी गेलं आणि त्याचा वेग किती वाढला, या दोहोंच्या गुणाकारावर. इंजिनची ताकद मात्र वेगाच्या वर्गाच्या हिशेबाने खर्च होते. म्हणजे तेवढ्याच ताकदीत जास्त पाणी कमी वेगाने ढकललं तर उभ्या जागेवरून झटका चांगला मिळतो आणि थोडं पाणी जास्त वेगाने फेकलं तर टॉप स्पीड मिळतो. दोन्ही एकदम मिळत नाहीत. लाटांत उड्या मारणाऱ्याचा पंप आणि बॉयांभोवती (पाण्यावर तरंगणाऱ्या खुणांभोवती) शर्यत लावणाऱ्याचा पंप वेगळा असतो तो याच कारणाने. आपल्याला काय हवंय हे आधी ठरवा, नाहीतर एकाचा सल्ला पिचसाठी (इम्पेलरच्या पात्यांच्या कोनासाठी) आणि दुसऱ्याचा नोझलसाठी घेऊन भलतीच खिचडी होते.

पाना हातात घेण्याआधी आकडे

आरपीएम मीटर नसेल तर पंपाला हात लावू नका. स्पार्क प्लगच्या वायरीला गुंडाळायचा छोटा टॅकोमीटर स्वस्तात मिळतो. टू-स्ट्रोकसाठी त्याची सेटिंग नीट करा, कारण ती चुकली तर आकडा दुप्पट किंवा निम्मा दिसतो. वेगासाठी वॉटरप्रूफ पाउचमध्ये फोनचं जीपीएस पुरतं. सपाट पाण्यात, पूर्ण थ्रॉटलवर, एकदा वाऱ्याच्या दिशेने आणि एकदा उलट जा आणि सरासरी घ्या. टाकीतलं पेट्रोल आणि चालवणारा माणूस प्रत्येक चाचणीत तोच ठेवा. स्टँड-अप इतकी हलकी असते की चालवणाऱ्याच्या वजनातला दहा किलोंचा फरक पिचच्या फरकासारखा दिसतो.

वहीत तीन गोष्टी लिहा: कमाल आरपीएम, कमाल वेग आणि थांबलेल्या स्थितीतून थ्रॉटल दाबल्यावर काय होतं. तिसरी गोष्ट आकड्यात मावत नाही, पण निदान तिच्यावरच होतं. इंजिन किंचाळतंय आणि स्की जागची हलत नाही, हा पंपाचा दोष. इंजिनच गुदमरतंय, आवाज चढत नाही, तर आधी कार्ब्युरेटर, प्लग आणि कॉम्प्रेशन बघा. दोन सिलिंडरच्या कॉम्प्रेशनमध्ये दहा टक्क्यांहून जास्त फरक असेल तर पंपाचं काम बाजूला ठेवा.

पंप बाहेर काढणं

बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, इंधनाचा कॉक बंद करा. स्की आडवी करताना मागच्या स्टिकरवर दाखवलेल्या बाजूलाच करा. उलट्या बाजूने वळवली तर एक्झॉस्टमध्ये साचलेलं पाणी सिलिंडरमध्ये जाऊ शकतं.

मग राइड प्लेट (पंपाखालची तळाची प्लेट), जाळी, स्टिअरिंग केबलचा जॉइंट, थंडाव्याच्या पाण्याची नळी आणि बिल्जची (हलमध्ये साचलेलं पाणी बाहेर काढणारी) नळी या क्रमाने सोडवा. शेवटी पंपाचे चार बोल्ट. खाऱ्या पाण्यातल्या स्कीचे हे बोल्ट सहजी सुटत नाहीत. ते हलमध्ये बसवलेल्या इन्सर्टमध्ये आवळलेले असतात आणि लांब दांडा लावून जोर केला तर इन्सर्टच फायबरमध्ये गरगर फिरायला लागतो. तो दुरुस्त करणं हे अख्ख्या पंपाच्या कामापेक्षा मोठं काम आहे. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा, सकाळी हीट गनने थोडं तापवा, किंचित आवळून मग सोडा. जिथे शिम असतील तिथे कोणता शिम कोणत्या बोल्टखाली होता हे मार्करने लिहा. शाफ्ट सरळ रेषेत राहतो तो या पातळ चकत्यांमुळे.

फीलर गेज काय सांगतं

पंप टेबलावर उभा ठेवा. पात्याचं टोक आणि वेअर रिंग यांच्यातली फट फीलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांनी) मोजा, प्रत्येक पात्याची वेगळी. मग इम्पेलर पाव फेरा फिरवा आणि पुन्हा मोजा. असे चार कोन.

सुपरजेटची फट नवी असताना साधारण ०.३५ ते ०.४५ मिमी असते आणि ०.६ मिमी ही शेवटची मर्यादा. त्यापुढे पाणी मागे जाण्याऐवजी पात्याच्या टोकावरून परत पुढे सरकतं. नुसत्या डोळ्याला ०.४ आणि ०.७ मधला फरक कळत नाही, म्हणून 'बघितलं, ठीक वाटलं' यावर विसंबू नका. दुसऱ्या कंपनीचा पंप असेल तर त्याच्या सर्व्हिस मॅन्युअलमधला आकडा घ्या.

आकड्यांची मांडणी नीट वाचली तर दोष कुठे आहे तेही कळतं. मोठी फट एकाच पात्यामागे फिरत असेल तर त्या पात्याला दगड लागलाय. फट रिंगच्या एकाच बाजूला राहत असेल, मग पातं कोणतंही येवो, तर रिंग एका अंगाने झिजलीय किंवा शाफ्ट मध्यावर नाही. अशा वेळी शाफ्ट धरून आडवा हलवा. जरा जरी खेळला तरी बेअरिंग गेलं. पंपाच्या मागची शंकूसारखी टोपी काढून ग्रीस बघा. ते दुधाळ झालं असेल तर सीलमधून पाणी शिरलंय आणि बेअरिंग आज ठीक वाटलं तरी त्याचे दिवस भरलेत. बेअरिंग गेलेल्या पंपात नवी रिंग बसवली तर तीही तशीच एका अंगाने खाल्ली जाते.

रिंगमधले उभे-आडवे ओरखडे वाळूचे असतात. तारकर्लीसारख्या वाळूच्या किनाऱ्यावरून स्की उतरवणाऱ्यांनी एवढंच पाळावं की कमरेएवढं पाणी येईपर्यंत इंजिन सुरू करायचं नाही. काठावर एकदा रेस दिली की पंप वाळू ओढतो आणि ती थेट या अर्ध्या मिलिमीटरच्या फटीत जाते.

हवा कुठून येते

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त फरक पाडणारं काम हे आहे. विहिरीवरच्या मोटरचा सक्शन पाइप कुठे तरी चिरलेला असला की मोटर पळते पण पाणी वर येत नाही, मोटर हवा ओढत बसते. जेट स्कीच्या पंपाचंही तेच. इम्पेलरच्या पुढे दाब कमी असतो आणि तिथे बारीकशी फट असली तरी बाहेरची हवा आत खेचली जाते.

याला लोक सरसकट कॅव्हिटेशन म्हणतात. पण कॅव्हिटेशनमध्ये बाहेरची हवा नसते. पात्याच्या ओढणाऱ्या बाजूला दाब इतका पडतो की थंड पाणीच तिथे उकळतं, वाफेचे बुडबुडे होतात, पुढे दाब वाढला की ते फुटतात आणि धातूचे कण उडवतात. त्यामुळे पात्यावर, बहुधा पुढच्या कडेजवळ, वाळवी लागल्यासारखी बारीक भोकं दिसतात. भोकं असतील तर पिच, पात्याची कडा किंवा पाण्याची वाट तपासा. भोकं नाहीत आणि तरी इंजिन किंचाळतंय, तर हवाच शिरतेय.

फट शोधायला अंधार लागतो. पंप जागेवर बसवा, बोगद्यात खालून टॉर्च सोडा आणि हलच्या मागच्या पोकळीत पंपाच्या कडेने बघा. जिथून उजेड येतो तिथून हवा येते. पंप शू (बोगद्याचा पंपाला भिडणारा भाग) आणि हलचा जोड, जाळीच्या बोल्टांच्या जागा आणि राइड प्लेटची पुढची कड या नेहमीच्या संशयित जागा.

जुनं सिलिकॉन खरवडून काढा, जागा ॲसिटोनने पुसा, बोटाचा तेलकटपणाही राहू देऊ नका. मग मरीन सिलिकॉनची सलग रेघ मारा, पंप बसवा, बाहेर आलेला माल ओल्या बोटाने सपाट करा. बोगद्याच्या आत गुठळी राहिली तर तीच पाण्याच्या वाटेत अडथळा होते. चोवीस तास हात लावू नका. होडीची भोकं कायमची बंद करायला जे चिवट पॉलियुरेथेन येतं ते इथे वापरू नये. पुढच्या वेळी पंप काढताना हलचा तुकडा बरोबर येतो.

पाण्याची वाट गुळगुळीत करणं

बोगद्यात हात घाला आणि हलकडून पंपाकडे बोट फिरवा. जिथे बोट अडखळतं तिथे पाणीही अडखळतं. पायरी उंच असेल तर थोडं घासून, खोलगट असेल तर मरीन इपॉक्सी पुटी भरून ती उतरती करा, दोन-चार सेंटीमीटर लांबीत. आधी १२० चा पॉलिश पेपर, मग २२०, शेवट ४०० ला. पुढे आरशासारखी चकाकी आणत बसलात तर फोटो छान येतो, वेग वाढत नाही.

स्टेटरच्या पात्यांवर ओतकामाचे बारीक दाणे आणि कडेला पदर राहिलेले असतात. ते बारीक कानशीने काढा. पुढची कड गोलसर हवी, सुरीसारखी नको, कारण पाणी प्रत्येक वेगाला जरा वेगळ्या कोनात येतं आणि धारदार कडेवरून ते लगेच सुटतं. मागची कड पातळ केली तरी चालते. वेअर रिंगच्या आतल्या भिंतीला मात्र कानस अजिबात लावायची नाही.

इम्पेलरच्या कडेला बारीक खाच असेल तर घासून निघते. मोठी खाच, वाकलेलं पातं किंवा तुटलेलं टोक असेल तर तो इम्पेलर दुरुस्तीच्या दुकानात पाठवा. तिथे वेल्डिंग करून पाती पुन्हा मापात आणतात आणि तोलही बघतात. घरी एका पात्याचा धातू जास्त गेला की इम्पेलर थरथरतो, त्याची किंमत बेअरिंग देतं.

आता पिच

एवढं झाल्यावर पुन्हा पाण्यात जा आणि वहीतल्या जुन्या आकड्यांशी ताडून बघा. पुष्कळ जणांचं काम इथेच संपतं.

संपलं नसेल तर पिचकडे वळा. स्कॅट-ट्रॅक किंवा सोलासच्या इम्पेलरवर ९/१७, १२/१७ असे दोन आकडे दिसतात. पहिला पात्याच्या पुढच्या कडेचा कोन, दुसरा मागच्या कडेचा. पुढे कोन कमी म्हणजे पाणी अलगद उचललं जातं, मागे जास्त म्हणजे ते जोराने ढकललं जातं. एका कंपनीच्या १७ ची तुलना दुसऱ्या कंपनीच्या १७ शी करू नका. पात्यांचं क्षेत्रफळ आणि मधल्या हबचा आकार वेगळा असल्याने त्यांचा भार वेगळा पडतो.

पिच बरोबर आहे का हे आरपीएम सांगतो. इंजिन ज्या आरपीएमला सर्वाधिक ताकद देतं, पूर्ण थ्रॉटलवर ते तिथेच पोचलं पाहिजे. कंपनीतून आलेल्या ७०१ साठी तो आकडा सव्वासहा हजारांच्या आसपास. तिथवर पोचतच नसेल तर पिच जड आहे. सहज ओलांडून पळत असेल आणि हवेची फट नक्की बंद असेल, तर पिच हलका आहे. फट बंद न करता हे वाचन केलं तर ते उलट्या दिशेला नेतं: हवेमुळे इंजिन पळतं, माणूस जड पिच घेतो, आणि पुढे फट भरल्यावर तेच इंजिन दबून जातं.

उंचीचा हिशेबही धरा. हवा विरळ झाली की इंजिनची ताकद दर हजार फुटांना साधारण तीन टक्के घटते. जेट स्की शर्यतींसाठी प्रसिद्ध असलेलं ॲरिझोनातलं लेक हवासू समुद्रसपाटीपासून जेमतेम साडेचारशे फुटांवर आहे. कॅलिफोर्निया-नेवाडाच्या हद्दीवरचं लेक टाहो सव्वासहा हजार फुटांच्या जवळ, म्हणजे तिथे जवळजवळ पाचवा हिस्सा ताकद गेली. हवासूला चोख बसलेला इम्पेलर तिथे जड पडेल. अर्थात टाहोवर कार्ब्युरेटरवाल्या टू-स्ट्रोकला १९९९ पासून बंदीच असल्याने जुनी सुपरजेट घेऊन कोणी तिथे जाणार नाही, पण उंचावरच्या कुठल्याही तलावाला हिशेब हाच.

इम्पेलर काढताना ध्यानात ठेवायचं ते आट्यांचं. यामाहाच्या पंपात आटे उलटे असतात, घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवल्यावर इम्पेलर सुटतो. नेहमीच्या सवयीने सोडायला गेलात तर तो आणखी आवळला जातो. हबच्या आतल्या दात्यांत बसणारं खास टूल मिळतं, तेच वापरा. पात्यांमध्ये पहार किंवा स्क्रूड्रायव्हर अडकवून फिरवू नका. निघाला नाही तर हब हीट गनने तापवा, सील जळणार नाही इतपतच. बसवताना आट्यांना आणि शाफ्टच्या दात्यांना मरीन ग्रीस लावा. ॲल्युमिनियम, स्टेनलेस आणि खारं पाणी एकत्र आलं की धातू एकमेकांना धरून बसतात.

नोझल आणि जाळी

नोझलचं भोक मोठं केलं तर पाणी जास्त, वेग कमी: पिकअप सुधारतो, टॉप स्पीड पडतो. लहान केलं तर उलट. मोठं करायचं तर लेथवर, एका वेळी एक मिलिमीटर. खरवडलेला धातू परत लावता येत नाही, म्हणून मूळ नोझल जपून ठेवा आणि प्रयोगाला दुसरं जुनं घ्या. मागचं स्टिअरिंग नोझलही त्या मापाला मोकळं असायला हवं, नाहीतर झोत त्याच्या कडेवर आपटतो. इंजिनच्या थंडाव्याचं पाणी याच पंपाच्या दाबावर जातं. भोक मोठं केल्यावर दाब उतरतो, तेव्हा बाजूने बाहेर पडणारी पाण्याची धार आधीइतकी जोरात येतेय का ते पहिल्याच फेरीत बघा. धार मंदावली तर मागे फिरा.

जाळीबद्दल थोडक्यात. पाणी खेचून घेणाऱ्या टॉप लोडर जाळीने खळबळत्या पाण्यात पंप रिकामा पडत नाही, सपाट पाण्यात मात्र ती थोडा वेग खाते. कोकणच्या समुद्रात ती घ्यावी, धरणाच्या शांत पाण्यात तिची गरज नाही.

जोडणी आणि पहिली फेरी

शिम जिथले तिथे, बोल्टांना मध्यम ताकदीचं थ्रेड लॉक, टॉर्क मॅन्युअलप्रमाणे, आणि चारही बोल्ट आळीपाळीने आवळायचे. आवळून झाल्यावर खालून हात घालून इम्पेलर फिरवा. आवाज न करता फिरला पाहिजे. कुठे घासल्याची खरखर आली तर पंप वाकडा बसलाय. बोल्ट सैल करून पुन्हा बसवा, 'चालवल्यावर बसेल जागेवर' म्हणून पुढे जाऊ नका. हात आत असताना बॅटरीची वायर सुटलेलीच हवी.

पहिली दहा-पंधरा मिनिटं अर्ध्या थ्रॉटलवर, किल-स्विचची दोरी मनगटाला. परत आल्यावर जाळीतून टॉर्चने रिंगवर नवी चकचकीत रेघ पडलीय का ते बघा. नसेल तर पूर्ण थ्रॉटलची चाचणी घ्या, तीच जागा, तोच माणूस, दोन दिशा. त्यानंतर एका वेळी एकच बदल करा आणि दर बदलानंतर वहीत ओळ लिहा. इम्पेलर, नोझल आणि जाळी एकाच शनिवारी बदलणाऱ्याला वेग कशाने वाढला ते कळत नाही आणि कशाने कमी झाला तेही.

खाऱ्या पाण्यातून आल्यावर गोड्या पाण्याने धुताना क्रम पाळा: आधी इंजिन सुरू, मग पाणी सोडायचं, आधी पाणी बंद, मग इंजिन. उलट केलं तर एक्झॉस्टमधून पाणी इंजिनात चढतं. पाण्याशिवाय इंजिन पंधरा सेकंदांपेक्षा जास्त चालवू नका. मोसम सुरू होताना फीलर गेज पुन्हा फिरवा, तो आकडा तारखेसकट वहीत टाका. ०.५ वरून ०.५५ झालेला दिसला की रिंगची ऑर्डर देऊन ठेवायला हरकत नाही, ती यायला वेळ लागतो.